आठशे एक्केचाळीसावी फ्रेम

वेदिका: थांबा काका, तुमच्या सिनेमात इथेच. आठशे एक्केचाळीसावी फ्रेम. एक फ्रेम आधी वांगं सुरकुतलेलं आहे. आणि आता बघा, टवटवीत.

गोरक्षकाका: तेच तर तेल! गोडं तेल. संध्याकाळी फडक्यानं चोळून ठेवलं, दुसऱ्या दिवशी सातपूरहून शिफ्ट करून आलो तर वांगं नवं कोरं. शनिवारी वाचनालयात सिनेमा दाखवताना पहिलं हेच सांगणार. चाळीस वर्षं हेच सांगत आलोय.

लंकाकाकू: चहा घे गं वेदे. वांगं बघून डोळं जातील.

वेदिका: काकू, यात वांगं शेवग्याच्या शेंगांची शिडी चढतं, चंद्र गिळतं, मग त्याच्या पोटातून छोटे छोटे चंद्र सांडतात. याचा अर्थ काय?

लंकाकाकू: यांना विचार.

गोरक्षकाका: अर्थ कुठला? कारखान्यातल्या साहेबाचा कॅमेरा पंधरा दिवस मिळाला होता, वांगं जरा जरा हलवून एकेक फ्रेम काढली, सुचलं ते केलं. चंद्र म्हणजे माझी बाजरीची भाकरी.

लंकाकाकू: तुमची नाय. मी थापलेली.

वेदिका: काका, शनिवारी शेतकी कॉलेजची मुलं येणार आहेत. तेलाचं सांगू नका.

गोरक्षकाका: का?

वेदिका: तेलानं पाणी उडायचं थोडं कमी होतं. पण उडून गेलेलं परत येत नाही. सुरकुतलेलं वांगं पुन्हा फुगत नाही. ती मुलं हसतील.

गोरक्षकाका: हसू देत. माझा थोरला भाऊ, भिमाजीदादा, तेव्हा लय हसायचा. समोर दिसतंय ना तुला?

वेदिका: दिसतंय. म्हणूनच देठाच्या टोपीची टोकं मोजली. आठशे चाळीसपर्यंत पाच. मग सहा. मग परत पाच, पण एक तुटकं. ही नऊ वेगवेगळी वांगी आहेत काका.

गोरक्षकाका: काहीतरीच! त्या टेबलाला मी कुणाला हात लावू दिला नाही. लंका, सांग हिला.

लंकाकाकू: टोकं कोण मोजतं बाई? तूच पहिली.

गोरक्षकाका: म्हणजे?

लंकाकाकू: तिसऱ्या दिवशी सुरकुती बघून तुम्ही कॅमेरा पिशवीत भरला. म्हणाले, दादाचं खरंय, वांग्याचा कुठं सिनेमा होतो. जेवले पण नाय. सकाळी तुम्ही कामावर गेले, मी मळ्यात गेले.

वेदिका: पण इतकी सारखी कशी मिळाली?

लंकाकाकू: रोज बाजाराला निवडायचो की. एका मापाची, एका रंगाची, एकाच अंगाला वाकलेली. पाटीभर वांग्यांत एक घावायचंच. जुनं वांगं जसं ठेवलेलं, तसंच तोंड करून नवं ठेवायचं. वर यांच्यासारखं तेल चोळायचं.

गोरक्षकाका: आणि काढलेली वांगी?

लंकाकाकू: भाजून तुम्हालाच घातली. बोटं चाटत होते.

वेदिका: काकू!

लंकाकाकू: हसतीस काय? फेकून द्यायची का?

(काका खुर्ची पडद्याजवळ ओढतात.)

गोरक्षकाका: इतकी वर्षं मी येईल त्याला तेलाचं सांगत आलो. तू शेजारी बसून ऐकायची.

लंकाकाकू: गोष्ट बरी होती. तुमचा चेहरा कसा फुलायचा.

गोरक्षकाका: मग शनिवारी काय सांगू?

वेदिका: हेच सांगा. हे जास्त चांगलं आहे.

गोरक्षकाका: पहिल्यापासून लाव गं. लंका, तू इकडं ये, ही खुर्ची घे. बदललं की सांग.

लंकाकाकू: चष्मा द्या. हां... हे टोपलीतलं, तुम्हीच आणलेलं. हेच अजून. थांबा... आता! हे विहिरीकडचं.

वेदिका: आठशे एक्केचाळीस. बरोबर.

लंकाकाकू: हे पण विहिरीकडचंच. हे बांधावरचं, एक टोक माझ्या हातानं तुटलं. आणि आता शिडीवर चढतंय ना, ते आपल्यातलं नाय.

गोरक्षकाका: मग कुणाचं?

लंकाकाकू: त्या दिवशी आपल्या वाफ्यात सापडंना. थोरले भाऊजी बांधावरून बघत होते. काय शोधती म्हणाले. सांगितलं.

गोरक्षकाका: दादाला? हसला असेल.

लंकाकाकू: लय हसले. मग त्यांच्या वाफ्यात उतरले, चार-पाच हातात धरून बघितली, त्यातलं एक दिलं. म्हणाले, गोरक्षला सांगू नको.

गोरक्षकाका: हेच का ते?

लंकाकाकू: हेच. बघा ना, चंद्र यानंच गिळला.