शेरूचा उपास

कुत्र्याचं ऑपरेशन सोपं असतंय, घरच्यांना आवरणं लई अवघड.

आमच्या शेरूच्या पोटावर गाठ आली. नांदेडच्या डॉक्टरांनी बजावलं, "रात्रीपासून पोटात काही नको, पाणीसुद्धा. भुलीत उलटी झाली तर ती श्वासनळीत जाऊन कुत्रं दगावतं."

सकाळी मुदखेडहून ऑटोत घालून नेलं, तर टेबलावर चढवायच्या आधीच शेरूनं भाकर ओकली. डॉक्टरांनी हात जोडून परत पाठवलं. घरी येऊन आईवर ओरडलो, तर ती शांतपणे म्हणाली, "तव्यावरची पहिली भाकर कुत्र्याची. ती दिल्याबगर आपल्या घरात कुणी जेवत न्हाई."

पुढच्या खेपेला तिलाच सोबत नेलं. ऑपरेशन नीट झालं. आत शेरूनं डोळे उघडले अन् बाहेर बाकड्यावर आईला भोवळ आली. डॉक्टर पळत आले.

"आजी, सकाळपासून काही खाल्लंत का?"

"कसं खाऊ? पहिली भाकर त्याची, अन् तुमी तर त्याला उपाशी ठिवलं." मग माझ्याकडं बोट करून म्हणाली, "ह्याला बी चहासुदिक दिला न्हाई."