मेलेल्या माळ्यावर संशय

हॅलो? … हं ताई, लावलास ना सिनेमा? … तोच गं, काळा-पांढरा, टोपीवाला गुप्तहेर. … हो, हो, निम्मा होत आला. बोल, खुनी कोण वाटतोय?

… माळी?

अगं, काहीतरीच काय! … "आवाजच खुन्यासारखा आहे"? ताई, त्या माळ्याचा आत्ताच मुडदा पडला! कुणीतरी मागून येऊन गळा आवळला, कपाटात कोंबलं… तुझ्या डोळ्यांदेखत!

… चहा टाकायला उठली होतीस? खोटं. फोन कानालाच आहे तुझ्या, भांडं वाजलेलंसुद्धा ऐकू आलं नाही मला. … हसण्यावारी नेऊ नकोस.

थांब. आत्ता काय चाललंय सांग. … कुणी बोलत नाहीये हे मलाही कळतंय. दिसतंय काय? … अगं, त्या बाईच्या हातात काय आहे? … रुमाल?

पिस्तूल आहे, ताई. पडदाभर पिस्तूल.

…

परवाच्या ब्लाउजचे हूक आणि काज जुळतच नव्हते. म्हटलं, तू घाईत शिवला असशील. जिन्यात माझ्या नवऱ्याला "कोण हवंय?" विचारलंस, आम्ही थट्टा समजून हसलो. … विषय बदलू नकोस. दिसत नाही ना तुला?

… धुरकट म्हणजे किती? … कधीपासून? … आणि मला सांगितलं नाहीस? सख्खी बहीण ना मी, की कुणी परकी? … अगं, रडू नकोस. मला पण रडू येतं मग.

हो, आईचं डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं. मीच होते ना तिच्या उशाशी! म्हणून तुझंही बिघडेलच का? … मलाही भीती वाटते गं. पण शिवताना मशीनच्या सुईखाली बोट गेलं तर? … गिऱ्हाइकं थांबतील. उद्या सकाळी येते, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. आणि घरात नाही असं भासवून आतून कडी लावून बसलीस, तर बघ. चांगली ओळखून आहे तुला!

… काय? … खुनी? अगं, आत्ता तेच सुचतंय तुला?

हो, कळला मला. आत्ताच कळला. … नाही सांगणार. … नाही म्हणजे नाही. सिनेमा सुरुवातीपासून रेकॉर्ड होतोय. ऑपरेशननंतर पट्टी सुटली की तुझ्या डोळ्यांनी बघ. … गयावया करू नकोस, ठेवते मी. … अगं, माळी नाही गं बाई, माळी मेला!