मसेकाबाईंची बदली

—नाही नाही मॅडम, वर्गात नंतर जा, आधी हा पेलाभर थोब्वा प्या. मक्याचा आहे, सकाळीच आमच्या घरी केलाय, अजून गार आहे. बसा. तुम्ही जिल्ह्याच्या शाळा-तपासनीस, मोटरसायकलवर एवढी धूळ खात आलात, तर माझं म्हणणं तरी पुरतं ऐका — मसेकाबाईंची बदली करा. एवढंच. सरोवराकाठी टाका, मंगोचीकडं टाका, कुठंही टाका. का म्हणजे? तुम्हाला काही ऐकू येतंय का? नाही ना? तो समोरचाच चौथीचा वर्ग. शंभरेक पोरं आत बसलीत आणि हूं नाही की चूं नाही! माझ्या शाळेत असं कधी नव्हतं. शिक्षक म्हणणार, "समजलं का?" — की पोरं एका सुरात, "होऽऽ सर!" — पार बाजारापर्यंत ऐकू जायचं. परवा गावचे मुखिया विचारायला आले, "हेडसर, चौथीला सुट्टी दिलीत काय?" काय सांगू त्यांना? की आमच्या बाई एकेका पोराला वेगळं विचारतात, आणि त्याचा विचार होईपर्यंत बाकीची गप्प बसतात?

आल्या तेव्हा बऱ्या होत्या हो. नव्या नव्या होत्या तेव्हाच माझ्याकडं आल्या, "सर, माझ्या तासाला बसा, पोरं कुठं निसटतात ते मला दिसत नाही." बसलो की! मोठ्या मनानं बसलो, उठताना "छान, असंच चालू द्या" म्हटलं. तर विचारतात काय — "सर, छान काय होतं?" आली का पंचाईत! छान म्हणजे छान, त्यात सांगायचं काय असतं? मग म्हणाल्या, "तुम्ही एकदा शिकवून दाखवा, मी मागं बसते." दाखवलं. अपूर्णांक. फळा भरून टाकला, मॅडम — तुम्ही बघायला हवं होतं — पोरं अशी ओरडली की पत्रे हलले. आणि ही बाई उठते, मागच्या रांगेतल्या एनिफाला हळूच विचारते, "तिसरा हिस्सा मोठा की चौथा?" एनिफा म्हणते, "चौथा. चार मोठे ना." कुणी हसलं असतं तरी बरं होतं. कुणी हसलं नाही. एकही पोर नाही. सगळ्यांना ते बरोबरच वाटलं. माझा फळा मागं भरलेला, आणि मसेकाबाई — चिडून नाही, टोमणा मारून नाही, तेच तर — "सर, कुठं चुकतंय ते दोघं मिळून बघू या का?" पोरांसमोर! मुख्याध्यापकाला!

आता ती साथ पसरलीय. जेरेमास्तर, ज्यांना मी कधी खुर्चीतून उठताना पाहिलं नव्हतं, ते मोकळ्या तासाला जाऊन तिच्या वर्गात बसतात. शिकायला! या वयात! बुधवारी शाळा सुटल्यावर सगळे एकत्र बसतात, काय फसलं ते एकमेकांना सांगतात — आपलं फसलेलं कुणी आपणहून सांगतं का? — आणि मला दर बुधवारी बोलावणं, "सर, तुम्ही पण या, तुम्ही असलात की बरं वाटतं." बरं वाटतं! मला शाळेची कामं आहेत, मॅडम. लापशीचं धान्य मोजून घ्यायचं, संडासाचं बांधकाम, तुमच्याच जिल्ह्याच्या बैठका, आणि बुधवारी मी विटांच्या भट्टीवर असतो. नाही, भट्टी पेटलेली नाही. ती केव्हाच विझली, विटाही उचलून झाल्या. पण कुणीतरी तिथं असायला नको? बसतो मी. एकटाच बसतो. अंधारायला लागलं की घरी जातो.

एनिफाचं? येतं की तिला आता. मध्ये रस्त्यात गाठलंन मला, हातात मंदासी होती, तळलेला गोड पाव असतो ना तो, तेलकट. माझ्यासमोर तिचे तीन तुकडे केले, मैत्रिणीच्या मंदासीचे चार केले, शेजारी शेजारी धरले. "बघा सर, तिसरा मोठा." आणि वर माझ्याकडं बघत म्हणते, "समजलं का?" मी काय म्हणणार — हो म्हटलं.

तुम्ही असं बघू नका. मी शिकवत होतो एके काळी. लोक तीन-तीन गावांहून पोरं पाठवायचे माझ्याकडं. आता त्या वर्गात जाऊन बसायचं म्हणजे — तुम्हाला ठाऊक आहे, तिनं तिथं काय करून ठेवलंय? मागच्या भिंतीला एक खुर्ची. पोरं जमिनीवर दाटीवाटीनं बसतात, पण खुर्चीला हात लावत नाहीत. रोज सकाळी पुसतात म्हणे. "हेडसरांची आहे." कुणी सांगितलं होतं? मी मागितली होती? रोज त्या खिडकीवरून जायचं आणि रोज ती रिकामी दिसायची — माणसाला असं कुणी करतं का, मॅडम?

उठलात? थोब्वा तर अर्धा तसाच राहिला. जा, बघा जाऊन, मग माझ्या बोलण्याचा विचार करा. नाही, मी नाही येत. मला काम आहे. तुम्ही जा — आणि त्या खुर्चीवर तेवढं बसू नका. पोरं उठवतील.