खसखशीएवढे बुडबुडे

मूळचे आम्ही सायखेड्याच्या अलीकडचे, गोदाकाठचे. काठचे म्हंजे शेतापासून पाणी पावणेदोन किलोमीटर, मी मोजलेलं हाय, कारण काठ म्हटलं की लोकांना वाटतं आम्ही पाण्यात पाय सोडूनच जेवतो, अन् मंग आपण खोटं बोललो असं होतं. वडलांची जमीन पाच एकर, आम्ही दोघं भाऊ, माझ्या वाट्याला अडीच, त्यात दीड एकर खायची द्राक्षं अन् एक एकर वाईनची. मला आकड्यांची खोड लहानपणापासून. बाकी विषयांत कसाबसा पास, पण गणिताला गुरुजी मलाच फळ्यापाशी उभं करायचे. खिशात वही असतेच, ही बघा. कुठल्या ओळीत किती वेली, कुठल्या दिवशी कोणती फवारणी, सगळं हाय हिच्यात.

अन् आमची मंडळी, सुमन, ती बरोबर उलटी. माहेर नामपूरचं, घरात सगळा कांद्याचा व्यापार, लग्न होऊन तीस वर्षं झाली तरी रागावली किंवा रडायला आली की अजून अहिराणीतच बोलते. ती आली तेव्हा तिला द्राक्षातलं काही कळत नव्हतं. दोन हंगामांत मला मागं टाकलं. ते शुगर मीटर असतं बघा, बोटाएवढी दुर्बीण, काचेवर रसाचा थेंब टाकून डोळा लावायचा अन् आत साखरेचा आकडा दिसतो. मी थेंब टाकून डोळा लावेपर्यंत ही एक मणी तोंडात टाकून मोकळी. साडेसतरा, म्हणायची. मी बघायचो तर साडेसतरा. काय सांगू तुम्हाला, मी वहीत दोन रकानेच पाडले, एक मीटरचा अन् एक सुमनचा, अन् नऊ हंगामांत दोन्हीत जास्तीत जास्त फरक पडला तो अर्ध्याचा. नाक तर त्याच्याहून भारी. पानावर भुरी रोगाचा पांढरा डाग दिसायच्या आधी दोन दिवस ती ओळीच्या तोंडाशी थांबायची अन् म्हणायची, अहो, इथं कुबट येतंय. मी हसायचो. तिसऱ्या दिवशी हसणं बंद.

मंग तिला ताप आला. तो सगळ्यांनाच येऊन गेला, मलाही आला, अन् दोघांनाही वास यायचा बंद झाला. माझा वास बारा दिवसांनी परत आला, तिचा आलाच नाय. डॉक्टर म्हणाले येईल, कधी ते सांगता येत नाय. गोड कळतं, खारट कळतं, पण कशाचं गोड ते कळत नाय. डोळे मिटून गूळ दिला काय अन् द्राक्ष दिलं काय, तिला सारखंच. तिनं मिठाला चमचा ठरवून घेतला, भाजीला दीड, आमटीला दोन, अन् मला म्हणाली, कमीजास्त झालं तर सांगत जा. मी कधी सांगितलं नाय. इथं मी चुकलो बघा. आयुष्यभर अर्ध्या टक्क्यावरून लोकांशी भांडलो अन् बायकोला आमटी अळणी झाली एवढं सांगता आलं नाय.

त्याचं पुढं काय झालं ऐका. दिवाळीत तिनं लेकीच्या सासरी दाण्याचे लाडू पाठवले, एक्केचाळीस. शेंगदाणे खवट होते, तिला कळलं नाय, अन् मी चव घेऊन सुद्धा गप्प राहिलो, म्हटलं एवढं कोण बघतं. आठ दिवसांनी डबा परत आला. लोक रिकामा डबा परत पाठवत नायत, काहीतरी घालून देतात, तसा हा पण भरलेला होता, आमच्याच लाडवांनी. अडतीस. तीन कुणीतरी खाऊन बघितले असतील. वरून एक शब्द नाय. सुमननं झाकण लावलं अन् डबा माळ्यावर टाकला, अन् त्या दिवसापासून घराबाहेर तिच्या हातचं काही गेलं नाय.

त्याच हंगामात वाईनच्या बागेत चार ओळी भुरीनं नेल्या. ती म्हणाली, माझ्या नाकाखालून गेली. मी म्हटलं, अगं, फवारणी माझी चुकली, तारीख बघ वहीत. पण तिनं बागेत यायचं सोडलं. दोन हंगाम आली नाय. वहीतला तिचा रकाना मी आखायचो अन् तो कोराच राहायचा. एकदा म्हणाली, मी आता नुसती उचलाठेव करायला उरले.

तर ही वाईनची कंपनी, जिला आम्ही माल देतो, ती बुडबुड्यांची वाईन करते. डोंगराच्या उतारावर हाय, खाली धरणाचं पाणी. लांबून लांबून लोक गाड्या घेऊन येतात, आतून फेरी मारतात, चव घेतात, जेवतात, फोटो काढतात. दर वर्षी तोडणीच्या आधी कंपनी आम्हा शेतकऱ्यांना पण बोलावते, जोडीनं या म्हणते. मी अकरा वेळा गेलो, अकराही वेळा एकटा. या खेपेला मी सुमनला म्हटलं, माल दिला म्हंजे लेक दिली, एवढी वर्षं लेक नांदतेय तिथं, तू तिचं सासर एकदा तरी बघ. तिनं हातातलं निवडणं पुरं केलं. मंग म्हणाली, तिथं काय करायचं असतं? अन् मी अडकलो, कारण तिथं पहिलं काम असतं ते ग्लासात नाक घालून काय वास येतो ते सगळ्यांसमोर सांगायचं.

मंग मी काय केलं माहिती हाय का, आठवडाभर आधी क्रेट आणायला म्हणून गेलो अन् तिथल्या पोरीला म्हटलं, मला आधीच चव दे. अश्विनी नाव तिचं, पेठकडची, पाहुण्यांना फिरवून दाखवायचं काम तिच्याकडं. तिनं तीन ग्लास दिले अन् मी वहीत लिहून घेतलं. पहिला, हिरवं सफरचंद अन् लिंबाची साल. दुसरा, भाजका पाव अन् बदाम. तिसरा गुलाबी, त्यात स्ट्रॉबेरी अन् गुलाब. घरी आलो अन् सुमनकडून पाढ्यासारखं पाठ करून घेतलं. एक? सफरचंद, लिंबू. दोन? पाव, बदाम. तीन? गुलाब. भाकरी थापता थापता म्हणायची. मला वाटलं झालं, आता काही भीती नाय.

निघताना थोरल्या वहिनी दारात. म्हणाल्या, काय भाऊजी, आता बायकोला पण गुत्त्यावर नेता का? सुमन पदर नीट करत म्हणाली, लेक दिली तिथं जावं लागतं, बाई. तुमच्या लेकीकडं पण तुम्ही जाताच ना, तिथं तर जावई रोजच पितात. वहिनी आत गेल्या.

आत तळघरात गार. बाटल्या तिरप्या फळ्यांत तोंड खाली करून खोचलेल्या, हजारोंनी, प्रत्येकीच्या बुडाला पांढऱ्या रंगाची एक रेघ. अश्विनी सांगत होती, आंबवण्याचा गाळ हळूहळू तोंडाशी उतरावा म्हणून एक माणूस रोज प्रत्येक बाटली थोडी थोडी फिरवतो, अन् किती फिरली ते रेघेवरून कळतं. मी विचारलं, किती फिरवतो? म्हणाली, आठवा हिस्सा. मी लिहून घेतलं. सुमन म्हणाली, लोणच्याची बरणी हलवतात तसं की. अश्विनी हसली, म्हणाली, अगदी तसंच, काकू. शेवटी तोंडाशी जमलेला गाळ गोठवायचा अन् बूच काढलं की तो आपसूक बाहेर उडतो.

मंग वर आलो, लांब टेबल, आम्ही सहा जोडपी, समोर धरण. अश्विनी म्हणाली, आज तुम्ही शेतकरी आहात म्हणून पाहुण्यांना देत नाही ते आधी देते, बुडबुडे भरायच्या आधीची कच्ची वाईन. पण माझे तीन होते, आता चार झाले, सगळा हिशोब एकानं पुढं सरकला. मी सुमनला पायानं खुणावलं. तिला वाटलं सुरू कर म्हणतोय. पहिल्या ग्लासाला म्हणाली, हिरवं सफरचंद, लिंबाची साल. नशिबानं जमलं, अश्विनी म्हणाली, वा काकू. दुसऱ्याला म्हणाली, भाजका पाव, बदाम. अश्विनीनं जरा मान वाकडी केली, पण काही बोलली नाय. तिसरा आला, फिकट सोनेरी, जुना, सगळ्यात जास्त दिवस ठेवलेला, अन् सुमन सगळ्यांच्या आधी ठणकावून म्हणाली, स्ट्रॉबेरी अन् गुलाब.

शेजारी पिंपळगावकडचा एक शेतकरी होता, भला माणूस, पण तोंडाचा सैल. म्हणाला, वहिनी, गुलाब आम्हाला पण द्या की एखादा! सगळे हसले. वाईट मनानं नाय, पण हसले. सुमननं माझ्याकडं बघितलं, मी वहीकडं बघत होतो. तिनं ग्लास खाली ठेवला अन् म्हणाली, माले वासच येत नही. अडीच वरीस व्हयनं. यास्नी पाठ करी दिन्हं व्हतं.

मला वाटलं, धरणात उडी घ्यावी.

अश्विनी मात्र खुर्ची ओढून तिच्याजवळ बसली. म्हणाली, काकू, नाक विसरा. एक घोट जिभेवर धरा अन् काय होतंय ते सांगा, काहीही सांगा. सुमननं डोळे मिटले. लय वेळ लावला. मंग म्हणाली, तापलेल्या रानात पहिलं पाणी सोडलं की माती कशी चुरचुरते, तसं. मघाच्या ग्लासात मोहरी तडतडत होती, याच्यात खसखस हाय, बारीक बारीक. अश्विनी उठली, आत गेली, दोन ग्लास घेऊन आली, दोन्ही एकाच रंगाचे. म्हणाली, आता सांगा, जास्त दिवस ठेवलेली कोणती? सुमननं दोन्ही चाखले अन् डावा पुढं सरकवला. ही खसखस. बरोबर होतं. पुन्हा लपवून आणले, पुन्हा बरोबर. पाच वेळा आणले, पाचही वेळा बरोबर. अश्विनी म्हणाली, जेवढे दिवस जास्त, तेवढे बुडबुडे बारीक, आम्ही पाहुण्यांना सांगतो, ते माना हलवतात, पण जिभेनं ओळखणारं माणूस मी आज बघितलं. पिंपळगाववाला पण म्हणाला, वहिनी, चुकलो, आन गळ्याची.

जेवायला तिथं ज्वारीच्या पातळ कुरकुरीत चकत्या, चीज, भाजलेली वांगी, काटे-चमचे. सुमननं काटा बाजूला ठेवला अन् हातानं जेवली, अन् त्या चकत्या सात खाल्ल्या, म्हणाली, आवाज छान येतो. अश्विनी आम्हाला वाढत होती. म्हणाली, काकू, माझी आई तुमच्याच भागात तोडणीला यायची, मी तिच्याबरोबर असायचे. तिला मीटर कुठून माहीत, ती बी दातानं फोडायची. कच्ची बी मऊ दबते, पिकली की वाजते. सुमनचा हात ताटातच थांबला. कारण आमची खायची द्राक्षं बिनबियांची, वाईनच्या मण्याला बी असते, पण ती थुंकूनच टाकायची एवढंच आम्हाला माहीत.

परत येताना गाडीत मी म्हटलं, चुकलं माझं. ती म्हणाली, पाठ करून दिलं ते राहू द्या. लाडू खवट होते ते का नाय सांगितलं? तुमच्या वहीत मीटरला रकाना हाय, मला हाय, खरं सांगायचा रकाना कुठं हाय? दुसऱ्या दिवशी आमटीत मीठ अर्धा चमचा कमी होतं. ते मी सांगितलं. तिनं वर घातलं.

अन् तीन दिवसांनी मी वाईनच्या बागेत थेंब काढत होतो तर मागं बांगड्या वाजल्या. ती एकेक मणी तोडून चावत चालली होती, बी फोडायची, कान देऊन ऐकायची, थुंकायची. ओळीच्या टोकाला आली अन् म्हणाली, पाच बियांत दोन वाजतात, साडेअठरा. मी मीटरला डोळा लावला. साडेसतरा. पूर्ण एकाचा फरक. मी तिला खरं तेच सांगितलं, तिनं तोंड वाकडं केलं, अन् मी वहीत तिच्या रकान्यात साडेअठरा लिहिलं. इतक्या वर्षांत एवढी कधी चुकली नव्हती. पण चुकायला तरी बागेत आली, म्हणून त्या पानाचा मी कोपरा दुमडून ठेवलाय, हे बघा.

वास अजून आलेला नाय. रोज सकाळी लवंग, लिंबू, कापूर अन् कॉफी अशा चार बरण्या हुंगते, डॉक्टरनं सांगितलंय, वास नाय आला की मी वहीत पुढं फुली मारतो. परवा कापराला म्हणाली, काहीतरी हललं. मी अर्धी फुली मारली. येईल तेव्हा येईल, नाय आला तर कान हायेत, दात हायेत, मी हाय.

आता उठू नका, चहा येतोय. अन् हा डबा घेऊन जा, माळ्यावरचाच हाय, घासून घेतलाय. दाण्याचे लाडू, एकवीस. दाणे मी चाखलेत, भाजलेत तिनं, तडतडण्याच्या आवाजावर. घरी सगळ्यांना द्या, अन् खवट लागले तर फोन करून तिला तोंडावर सांगा, ती काही मनाला लावून घेणार नाय. फक्त डबा भरलेला परत पाठवू नका.