नावेची मोरी

राजकुमारी — बाबूजी, रागावू नका, पण तुम्हाले पोहता येते का?

रूपलाल — कोन विचारून राहिलं हे? तू, का तुह्या शाळेतल्या त्या साळुंक्या?

राजकुमारी — तोंड माह्यं, प्रश्न शामकलाचा. पैज लागली ना. ती म्हणे, बापाले हे विचारायची तुह्यात हिंमत नाही. हरली तं पूरा पावसाळा सगळ्यांचे दप्तर मी वाहायचे.

रूपलाल — तिले सांग, रूपलाल पटेलाच्या धानाच्या बांधीतून आजवर पानी फुटलं नाही. तलावाखालचं सारं धान या दोन हातांनी राखलं. अन् विचारते, पोहता येते का.

राजकुमारी — म्हणजे येते?

रूपलाल — म्हणजे तो पाना इकडे दे. नाव दुरुस्त करू दे मले.

चंद्रावती — नाव गेली खड्ड्यात. माह्या हळदीचा डबा रिकामा कोनं केला, ते सांगा आधी.

राजकुमारी — मी केला, माय. हळद नावेत गेली.

चंद्रावती — नावेचं लगन लागलं का?

राजकुमारी — प्रयोग केला. नाव अंगणात ओंडक्यांवर चढवली, आत हळदीचं पानी ओतलं, अन् खाली घुसून पाहात बसली. बाहेरून जिथं पिवळा ओघळ निघाला, तिथं गळती. किती सोपं. बाबूजी तं आठवडाभर नावेले कान लावून बसले होते.

रूपलाल — गळती ऐकू येते.

चंद्रावती — काय सांगते मंग ते गळती?

रूपलाल — तू मधात बोलू नको. हा नावेचा मामला आहे. पाटबंधाऱ्याच्या साहेबानं जाताना माह्या हातात हात देऊन सांगितलं होतं, पटेल, माझी शिडाची नाव तुमच्यापाशीच शोभन.

चंद्रावती — शोभून राहिली. कोंबडी अंडे घालते तिच्यात.

राजकुमारी — माय, आईक ना. या नावेले दोन मोऱ्या आहेत. पाय ठेवायच्या फळीतून रबरी नळी खाली जाते, अन् बुडात बसवलेल्या पितळी तोंडाले जुळते. लाट आत आली, पाऊस पडला, की फळीवरचं पानी नळीतून तलावात. साहेबाची नळी वाळून तडकली. पितळी तोंडही लाकडात ढिलं झालं. मंग पानी बाहेर जायच्या जागी तलावच आत यायले लागला.

रूपलाल — म्हणून तं मी मोऱ्या पक्क्या बुजवल्या. काळी माती, तणीस, वरून शेण. बांधीचा धुरा फुटला की मी हेच करतो. माह्या बापानं बी हेच केलं.

राजकुमारी — तुम्ही वरून बुजवल्या, बाबूजी. खालून तलाव येत राहिला, वरून पाऊस पडत राहिला, अन् जायची वाट बंद. नाव काठालेच बसली, म्हशीसारखी. सारा गाव पाहायले आला.

रूपलाल — पन एक थेंब बाहेर गेला का?

राजकुमारी — नाही गेला.

रूपलाल — हं.

चंद्रावती — धान लावून घ्यायचं होतं मंग तिच्यात.

राजकुमारी — हसू नको, माय. शाळेच्या वाटेवरचा नाला भरला की मी दोन महिने घरी. मास्तरीणबाईनं सांगितलं, यंदा पावसाळ्यात गैरहजर राहिली तं हजेरीतून काढून टाकीन. तलावाच्या तिकडच्या काठी शाळा दिसते, प्रार्थनेची घंटा ऐकू येते, अन् मी इकडं काठावर बसून पाढे म्हणून राहिली. मले हा पावसाळा नाही गमवायचा.

रूपलाल — कोन म्हणते गमवायचा? मी चावडीवर सगळ्यांसमोर सांगितलं ना, पोरीले मी स्वतः शिडाच्या नावेनं शाळेत सोडीन. पटेलाची जबान आहे. फक्त गळती थांबू द्या.

राजकुमारी — थांबली.

रूपलाल — काय?

राजकुमारी — थांबली गळती. जुनी नळी काढून फेकली, नवी लावली, दोन्हीकडून तांब्याच्या तारेनं आवळली. पितळी तोंड काढून घासलं. आधी त्याच्याभोवती लाख लावली, ते तडकली. मंग राळ अन् जवसाचं तेल कुटलं, त्यात अंबाडीचं सूत लोळवलं, तोंडाभोवती गुंडाळलं अन् आतून पाना लावून पेचाची चक्री घट्ट कसली. हाताले फोड आले, हे पाहा.

रूपलाल — थांब. नवी नळी कुठून आणली? या लढाईच्या दिवसांत गोंदियाच्या बाजारात बी रबर भेटत नाही.

राजकुमारी — भेटलं.

रूपलाल — कुठी?

राजकुमारी — गोठ्यात.

रूपलाल — गोठ्यात तं माही सायकल आहे.

राजकुमारी — आहे की. सायकल आहेच.

रूपलाल — चंद्रावती, ऐकून राहिली का? माह्या चाकाची ट्यूब कापली हिनं. मी दोन दिवसांपासून शेजारच्या छोटेलालच्या पोराले शिव्या देऊन राहिलो, की हवा त्यानं सोडली.

चंद्रावती — त्याची माय भांडून बी गेली. मीच तिले ताक दिलं.

राजकुमारी — बाबूजी, सायकल भरल्या नाल्यातून जात नाही. नाव तलावातून जाते. अन् नाव जाणारच होती, पण एक गोष्ट मले समजत नाही. मी संध्याकाळी चक्री कसते. सकाळी ढिली. परत कसते. परत ढिली. तीन वेळा झालं.

रूपलाल — लाकूड फुगते. पावसाळी हवा.

राजकुमारी — लाकूड फुगलं तं चक्री अजून घट्ट बसन. विज्ञानाच्या पुस्तकात आहे.

रूपलाल — मंग बकारामचा बोकड असन. रात्रभर अंगणात शिंग घासते.

चंद्रावती — बोकडाले पाना धरता येते का?

रूपलाल — तू मधात बोलू नको, म्हटलं ना.

राजकुमारी — म्हणून काल मी राळेत उरलेली हळद कालवली. चक्रीच्या पेचाले लावली. म्हटलं, जो कोन येईन, त्याचं बोट रंगन. सकाळी बोकडाचं तोंड पाहिलं. काळंच होतं.

चंद्रावती — तुमचे नखं दाखवा.

रूपलाल — माहे?

चंद्रावती — नाही, बोकडाचे.

(रूपलाल दोन्ही हात पाठीमागे नेतो.)

रूपलाल — वरण खाल्लं काल. वरणाची हळद होय.

चंद्रावती — काल हळद नव्हती म्हणून मी भाजी पांढरीच केली. तुम्हीच म्हणे, आज्याची तेरवी आहे का. हात पुढं करा. पाहा, अंगठा तं लगनातल्या नवरदेवासारखा पिवळा.

राजकुमारी — बाबूजी.

रूपलाल — काय बाबूजी, बाबूजी.

राजकुमारी — तुम्ही काऊन ढिली केली? तुम्हाले मी शाळेत जायले नको का? नको असन तं तसं सांगा ना. मी रडन, ओरडन, दोन दिवस जेवणार नाही, पण सांगा. हे असं पाना फिरवून कायले सांगता?

रूपलाल — अवं, नाही वं बाई. शाळा नको असती तं तुह्यासाठी पाटी कोनं आणली? आमगावच्या बाजारातून डोक्यावर घेऊन आलो होतो, फुटू नये म्हणून.

राजकुमारी — मंग?

रूपलाल — नाव दुरुस्त झाली की मले तिच्यात बसा लागन.

राजकुमारी — अन्?

रूपलाल — अन् काय अन्. शामकलानं विचारलं तेच. नाही येत. झालं तुह्यं समाधान?

चंद्रावती — मले वाटलंच होतं.

रूपलाल — तुले काय वाटलं होतं?

चंद्रावती — तुम्ही आंघोळीले घंगाळातलं पानी बी वाटीनं घेता.

रूपलाल — लहान होतो. म्हशीच्या पाठीवर बसून तलावात उतरलो. मधात तिनं बुडी मारली अन् मी गेलो खाली. वर आलो, तं म्हैस पुढं निघून गेली होती. मागं वळून बी पाहिलं नाही तिनं. माह्या घरची म्हैस. तवापासून बांधीतल्या पान्याशी माह्यं जमते. ते गुडघ्यापर्यंत असते, अन् मी सांगन तिथं थांबते. तलाव कोनाचं ऐकते?

राजकुमारी — तुम्ही हे आधी सांगितलं असतं तं...

रूपलाल — पटेलानं चावडीवर जाऊन सांगायचं का, की भाऊ, मले भेव लागते? पोरीले घेऊन मधात गेलो अन् काही झालं, तं मी तुले काढीन का तू मले? हाच विचार करत रात्री उठतो, पाना घेतो. चक्री एक फेर ढिली करतो, मंग झोप लागते.

चंद्रावती — झोप तुमची, अन् फोड पोरीच्या हाताले.

रूपलाल — हं. दाखव बरं हात, बाई.

राजकुमारी — राहू द्या. तितकं नाही दुखत.

चंद्रावती — त्यात काय इतकं. मले येते पोहता.

रूपलाल — काय येते?

चंद्रावती — पोहता. वैनगंगेच्या काठची पोरगी हो मी. पुरात वाहून जाणारी लाकडं ओढून आणत होतो आम्ही बहिणी.

रूपलाल — लगनाले इतके वर्ष झाले. सांगितलं नाही कधी.

चंद्रावती — तुम्ही म्हणे ना, मधात बोलू नको.

राजकुमारी — माय, मंग तू नाव बी चालवतं का?

चंद्रावती — शीड-बीड मले नाही समजत. बांबू दे, रेटून नेईन.

राजकुमारी — शीड मले समजते. साहेबाची बाई दर रविवारी मले दोरी धरायले बसवत होती. वारा पाठीवर असला की दोरी सोडायची, आडवा आला की ओढायची. खरं सांगू? काल सकाळी चक्री कसून शामकलाच्या भावांच्या बैलांनी नाव तलावात उतरवली, अन् आम्ही दोघी कमळांपर्यंत जाऊन आलो. वारा होता, लाटा आत आल्या, अन् मोऱ्यांतून गडगड करत परत गेल्या. पाय ओले, फळी कोरडी. मंग बैलांनीच नाव परत अंगणात आणली. तवाच तिनं हे पैजेचं काढलं. म्हणे, नाव तं ठीक आहे, मंग तुह्या बाबूजीले चक्री ढिली काऊन लागते.

रूपलाल — म्हणजे त्या साळुंकीले समजलं?

राजकुमारी — तिले शंका आहे. पक्कं नाही.

रूपलाल — उद्या साऱ्या गावात होईन पक्कं. पटेलाले पोहता येत नाही. धान कापायले गेलो तरी मागून कोनी म्हणन, पटेल, जपून, दव पडलं आहे.

चंद्रावती — अगं, पाहाय तरी याइच्याकडे. तोंड कसं उतरलं.

राजकुमारी — बाबूजी, माय, दोघंही इकडं पाहा. मी ठरवलं. उद्या सकाळी चक्री मी कसीन, अन् तुमच्यासमोर कसीन. शीड मी धरीन, बांबू मायकडं. तुम्ही मधात बसा, फेटा बांधून, चावडीवर सांगितलं तसं. गावाले पटेलच दिसले पाहिजे. शाळा सुटली की रोज काठाशी, कमरेएवढ्या पान्यात, माय तुम्हाले हात-पाय मारायले शिकवन. अन् शामकलाले सांगीन, तुह्यंच खरं. विचारायची हिंमतच नाही झाली. सगळ्यांचे दप्तर द्या इकडं.