जूचंद्र येथील रोपवनात कोंडलेल्या मेंढ्यांबाबत

दि. ११ फेब्रुवारी २०२५

मी, श्रीमती मेघना निमिष चुरी, वय ६१ वर्षे, व्यवसाय : सेवानिवृत्त प्राध्यापिका (वनस्पतिशास्त्र), राहणार एव्हरशाईन सिटी, वसई पूर्व. समक्ष विचारल्यावरून सांगते ते असे :

जूचंद्र गावाच्या डोंगराकडील बाजूस आमच्या वृक्षसंवर्धन मंडळाचे रोपवन आहे. मी मंडळाची सल्लागार आहे. जमीन मंडळाचे सचिव श्री. एकनाथ केनी यांची असून त्यांनी ती झाडांसाठी विनामूल्य दिली आहे, हे प्रथम नोंदवावे.

मला विचारण्यात आले की, ज्या मेंढ्या इतके दिवस रोपांमध्ये चरल्या आणि ज्यांनी एकाही रोपाचे नुकसान केले नाही, त्यांनी काल सकाळपर्यंत आपटा आणि वावळ या झाडांच्या साली कशा सोलल्या? रस्त्याने जाणाऱ्या लोकांनाही हे कोडे पडले होते. त्यांचा प्रश्न उलट होता : मेंढ्या गवत खातात, मग शेजारचे झाड का सोडतात? दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे, म्हणून सविस्तर सांगते.

पावसाळ्यानंतर रोपांभोवती कमरेइतके गवत आणि तण वाढते. ते रोपाचे पाणी व ऊन घेते आणि वाळल्यावर वणव्याला निमंत्रण देते. मजुरांच्या विळ्याने गवताबरोबर रोपेही कापली जातात. मेंढी मान खाली घालून चरते. शेळीसारखी ती मागच्या पायांवर उभी राहून शेंडे ओढत नाही. रोपांचे शेंडे तिच्या तोंडाच्या वर गेले की कळप आत सोडता येतो. ती तण खाते, लेंडी टाकते, पुढे सरकते. ही पद्धत इतकी सोपी आणि सुंदर आहे की मी ती शिकवताना कधी कंटाळले नाही. तिला अट एकच आहे. कोवळे गवत संपण्यापूर्वी कळप बाहेर काढावा लागतो. गवत असेपर्यंत मेंढीला झाडाच्या सालीत रस नसतो.

हे ऐकून जबाब घेणारे पोलीस अंमलदार श्री. जोएल डाबरे म्हणाले, "मॅडम, शेळी काय नि मेंढी काय, झाड तर खाल्लंच ना?" मी म्हणाले, होय. साली मेंढ्यांनीच खाल्ल्या. मेंढीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ती खालच्या दातांनी साल खालून वर खरवडते, आणि खोडांवरील खाचा तशाच आहेत. मी काल प्रत्यक्ष पाहिल्या.

कळप पांडू सोमा शिंगाडे, मूळ राहणार फलटण तालुका, यांचा आहे. ते दरवर्षी दिवाळीनंतर पत्नी कमळी यांच्यासह कोकणात उतरतात. जानेवारीच्या मध्यास मंडळाने त्यांना बोलावले. आठवड्याभरात तण साफ झाले. राहिली ती रानमोडीची उग्र वासाची झुडपे. मेंढ्या रानमोडीला तोंड लावत नाहीत, हे मी मंडळाच्या पहिल्याच सभेत सांगितले होते.

शिंगाडे निघण्याच्या तयारीत असताना श्री. केनी यांनी मोठ्या फाटकाला कुलूप लावले. प्रकल्प पाहण्यास पाहुणे येणार होते आणि त्यांना मेंढ्या चरताना दिसाव्यात, अशी त्यांची इच्छा होती. मी त्यांना फोनवर विचारले. ते म्हणाले, "पावने येनार त काय निस्ती झारां बगाला? झारां त सगलीकरं हान. पानी हाय, सावली हाय, दोन दिवस र्‍हातील. तुमीच बोललात ना बाय, मेंढरां झारां नाय खात?"

पाहुण्यांची भेट दोन वेळा पुढे ढकलली गेली. कुलूप तसेच राहिले. किल्ली श्री. केनी यांच्याकडे होती. माणसे कुंपणावर टेकवलेल्या लोखंडी शिडीवरून ये-जा करत. कमळीबाई बाहेरून गवत कापून शिडीवरून आत टाकत. सव्वाशे मेंढ्यांना ते पुरणारे नव्हते. त्या काळात मी पाहुण्यांसाठी माहितीफलकांचा मजकूर तयार करत होते.

मागील गुरुवारी मी फलक लावण्यास गेले. मेंढ्या बसून होत्या. मी फाटकाजवळ पोहोचताच त्या सर्व उठून माझ्याकडे आल्या. कमळीबाई मला म्हणाल्या, "तुमच्या पाव्हण्यास्नी सांगा बाई, बिगीनं या म्हणावं. न्हाईतर नुसती कातडीच बगाया मिळत्याली." मी त्यांना सांगितले की मी केनींशी बोलते. मी बोलले. ते म्हणाले, सोमवारी नक्की. फलक लावून मी घरी आले.

काल सोमवारी सकाळी साली सोललेल्या दिसल्या. शिंगाडे यांनी रागाने रात्री कुंपण उचकटून कळप मुद्दाम झाडांत घातला, अशी फिर्याद श्री. केनी यांनी दिली आहे. कुंपण मी फिरून पाहिले. ते कोठेही उचकटलेले नाही. कळप बाहेर गेलाच नव्हता, म्हणून तो आत घालण्याचा प्रश्न येत नाही.

शिंगाडे सध्या येथे पोलीस ठाण्यात आहेत. कमळीबाई बाहेर पायरीवर बसल्या असून त्यांच्याजवळ एक कोकरू आहे. मेंढ्या कालपासून कोंडवाड्यात आहेत. बऱ्याच गाभण आहेत. चार मेल्या आहेत. गुन्हा नोंदवला गेला तर कळप सुटणार नाही, असे मला सांगण्यात आले.

श्री. केनी यांच्याशी माझे वैर नाही. मंडळ आम्ही दोघांनी मिळून सुरू केले.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. त्यात एक परिच्छेद वाढवण्याची मी विनंती केली, तो असा :

मेंढ्या उपाशी नव्हत्या, असे श्री. केनी म्हणतात. यासाठी तज्ज्ञाची गरज नाही. कोंडवाड्यातील कोणतीही मेंढी धरावी. लोकरीतून बोटे आत घालून शेवटच्या फासळीच्या मागे, कण्यावर हात फिरवावा. मग आपल्या एका हाताची मूठ घट्ट वळावी आणि दुसऱ्या हाताची बोटे तिच्या सांध्यांवरून फिरवावीत. मेंढीचा कणा तसाच टोकदार लागला, तर ती पुष्कळ दिवस उपाशी आहे. एका रात्रीत हाड असे वर येत नाही. तो उघड्या हाताच्या मागच्या बाजूसारखा सपाट लागला, तर माझा संपूर्ण जबाब खोटा समजावा. ही परीक्षा आजच करावी. उद्या हात ठेवण्यासाठी किती मेंढ्या उभ्या असतील, हे मी सांगू शकत नाही.