एका बंदराला दोन गव्हर्नर

(न्यूफाउंडलंडचा खडकाळ किनारा. आजी मातुरीन आणि तिची नातवंडं, तिफेन व गास्पार, वाळत घातलेले कॉड मासे उलटताहेत.)

आजी : ...मासे राहू देत घटकाभर. पेरीनची गोष्ट ऐकायची ना, मग डोळे मिटा दोघं. समोर आपलं चर्च आणा. सगळ्यांत पुढे दोन खुर्च्या. एकीवर जाडे गव्हर्नर, दुसरीवर उंच गव्हर्नर.

गास्पार : एवढ्याशा बंदराला दोन कशाला?

आजी : जाडे जुने. ते फ्रान्सला परत निघाले, तर जहाज गळायला लागलं. तेवढ्यात उंच येऊन उतरले. जाडे म्हणाले, मी जाईपर्यंत गव्हर्नर मीच. उंच म्हणाले, राजाचं पत्र माझ्या खिशात, म्हणून मीच.

तिफेन : मग दाखवायचं ना पत्र!

आजी : दाखवलं की. भिजून लगदा झालेला! झालं, महिनाभर सगळं दोनदा. सकाळी दोन ढोल. तोफ एकच, तर ती दोनदा उडवायची. कोंबड्यांनी अंडी घालणं सोडलं.

गास्पार : आणि पेरीन?

आजी : ती तेव्हा नऊ वर्षांची, इथल्याच एका कोळ्याची पोर. दर रविवारी एका घरचा पाव पाद्रीबाबा आशीर्वाद देऊन चर्चमध्ये सगळ्यांना वाटायला लावायचे; त्या रविवारी पाळी तिच्या घराची, म्हणजे वाटायचा तिने. रीत अशी, की पहिला तुकडा गव्हर्नरांना.

तिफेन : कुठल्या?

आजी : तेच तर! दोघंही तिच्या बापाला बजावून गेले होते. पहिला तुकडा मला नाही मिळाला, तर तुझा मासे वाळवायचा किनारा दुसऱ्याला देऊन टाकीन.

तिफेन : अगं बाई! मग हिवाळ्यात खाणार काय?

आजी : म्हणून तर बाप दोघांनाही हो म्हणून बसला.

गास्पार : मी असतो तर पाव समुद्रात फेकला असता.

आजी : तू? फेकण्याआधी खाऊन मोकळा झाला असतास! ऐक. प्रवचन सुरू झालं. जाड्यांनी खुर्ची बोटभर पुढे सरकवली. कर्रर्र! उंचांनी दोन बोटं. कर्रर्र! परत जाड्यांनी...

गास्पार : कर्रर्रर्र!

तिफेन : पाद्रीबाबा रागावले नाहीत?

आजी : रागवायला जागा कुठे होती? दोघांचे गुडघे त्यांच्या झग्याला लागायला आले. बिचारे मागे सरकत सरकत मेणबत्त्यांना टेकले.

गास्पार : झगा पेटला?

आजी : नुसता जळका वास. घाईघाईने आमेन म्हणाले एकदाचे. पेरीन टोपली घेऊन उठली. समोर दोन हात पसरलेले. बापाने डोळेच मिटून घेतले.

तिफेन : आजी, थांबू नकोस ना!

आजी : तिने आधी या हाताकडे पाहिलं, मग त्या हाताकडे. आणि पाठ फिरवून थेट दाराकडे निघाली. तिथे शेवटच्या बाकावर त्या बायका बसायच्या, ज्यांची माणसं समुद्रावरून परतलीच नाहीत.

गास्पार : आणि?

आजी : आणि पहिला तुकडा तिने त्यांच्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या गिल्मेतच्या हातावर ठेवला. त्या बायकांपुढे रुसायची दोघाही गव्हर्नरांना लाज वाटली, आणि बापाचा किनारा बापाकडेच राहिला.